स्टुटगार्टच्या सेमिस्टरसाठी कोर्स आणि जर्मनची लेव्हल ठरवताना – माझा अनुभव

थर्ड इयर मेकॅनिकलला असताना पुण्याच्या आमच्या कॉलेजमधून मला जर्मनीतल्या स्टुटगार्टला एक सेमिस्टर करायची संधी मिळाली. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), रूम याबद्दल सांगणारे भरपूर जण भेटले, पण विषय कसे निवडायचे आणि भाषेची कुठली लेव्हल घ्यायची हे कोणीच नीट सांगितलं नाही आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला, म्हणून लिहितेय.

तिकडे सेमिस्टरला ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट घेणं अपेक्षित असतं. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, त्यात घरी बसून केलेला अभ्यासही आला, म्हणजे ३० क्रेडिटचे ९०० तास होतात. मी सुरुवातीला हौसेने ३३ क्रेडिटचे विषय लिहून टाकले होते. एका सीनियर ताईने यादी बघितली आणि म्हणाली, अगं स्वयंपाक, कपडे, भाषा सगळं तुलाच बघायचंय तिकडे, आत्ताच कमी कर. केलं.

आता विषय. लिस्टमध्ये हीट ट्रान्सफर, कंट्रोल वगैरे नावं इंग्लिशमध्ये दिसली की आपल्याला वाटतं शिकवणारही इंग्लिशमध्ये. तसं नसतं!! जर्मन नावाशेजारी इंग्लिश नाव नुसतं भाषांतर म्हणून दिलेलं असतं. प्रत्येक विषयाचं मॉड्यूल हँडबुकमधलं (सगळ्या विषयांची माहिती असते ते पुस्तक) पान उघडायचं आणि त्यात ‘श्प्राखे’ म्हणजे भाषा या ओळीपुढे काय लिहिलंय ते बघायचं. माझ्या पहिल्या यादीतल्या सहापैकी चार विषयांपुढे ‘डॉइच’ म्हणजे जर्मन होतं. बॅचलरचे विषय बहुतेक जर्मनमध्येच असतात, इंग्लिशमधले जास्त करून मास्टर्सचे, आणि त्यांना आधीचं काय काय शिकलेलं असावं हेही तिथेच लिहिलेलं असतं. त्याच पानावर विषय विंटरला असतो की समरला तेही असतं, माझा आवडता एक विषय फक्त समरला होता म्हणून सोडावा लागला, वाईट वाटलं खूप.

शेवटी एफईएम (फायनाइट एलिमेंट मेथड, म्हणजे वस्तूचे छोटे छोटे भाग पाडून कॉम्प्युटरवर गणित करायची पद्धत), एक मटेरियल्सचा विषय, लॅबवर एक प्रोजेक्ट आणि जर्मन असं ठरलं. लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कुठले विषय घेणार आणि इकडे ते कशात धरणार याच्या करारावर, माझी, आमच्या कॉलेजची आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीची अशा तीन सह्या लागतात. सरांकडे नुसती विषयांची नावं घेऊन गेले तेव्हा त्यांनी परत पाठवलं, मग मॉड्यूलची पानं आणि आमचा सिलॅबस शेजारी शेजारी ठेवून कुठलं युनिट कशाशी जुळतं ते मार्क करून नेलं आणि त्याच दिवशी सही मिळाली.

भाषेचं सांगायचं तर माझ्याकडे ए२ चं सर्टिफिकेट होतं (लेव्हल ए१, ए२, बी१ अशा चढत जातात). तिथे कोर्सच्या आधी प्लेसमेंट टेस्ट असते, माझी सी-टेस्ट होती, म्हणजे उताऱ्यातल्या दर दुसऱ्या शब्दाचा मागचा अर्धा भाग गायब आणि तो आपण भरायचा. मला हे छान जमलं कारण पुण्यात आमचं ग्रामर पक्कं करून घेतलं होतं, आणि मला बी१ चा वर्ग मिळाला. घरी फोन करून सांगितलं, आई खूश.

वर्गात गेल्यावर मात्र बाईंचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं. बाकीचे आधीपासून तिथे राहणारे, भराभर बोलायचे, मी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. सी-टेस्टमध्ये ऐकणं आणि बोलणं तपासलंच जात नाही हे तेव्हा लक्षात आलं. दोन दिवस विचार केला, मग बाईंना जाऊन सांगितलं आणि दुसऱ्या आठवड्यात ए२ च्या वरच्या भागात बदलून घेतलं. बदलायची मुदत फार थोडी असते, तेवढ्यातच विचारा. हा निर्णय मला आजही अगदी बरोबर वाटतो कारण त्या वर्गात मी खरंच बोलायला लागले. आकडे तर मला पटकन जमले, ड्रायउंडफ्युन्फ्त्सिश म्हणजे तीन आणि पन्नास, आपलं त्रेपन्नच की, आधी एकक मग दशक! आणि तीन लिंगं असणं मराठी माणसाला नवीन नाही, फक्त सूर्य तिकडे स्त्रीलिंगी आहे याची सवय व्हायला वेळ लागला. बेकरीत मात्र पुस्तकातलं ब्र्योटशेन कोणी म्हणत नाही, तिकडच्या श्वाबिश बोलीत ‘वेकले’ म्हणतात, ते ऐकून ऐकूनच कळलं.

परीक्षेचं आधीच बघून ठेवा. विंटर सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, लेक्चर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि त्यानंतर परीक्षा, आणि आपल्याकडे पुढची सेमिस्टर जानेवारीतच सुरू. मी कॉलेजकडून उशिरा जॉइन व्हायची लेखी परवानगी निघायच्या आधीच घेतली होती, माझ्याबरोबरच्या एकाने घेतली नव्हती, त्याला तिथून मेलवर मेल करावे लागले. आणि कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं असं होत नाही, परीक्षेची नोंदणी वेगळी, ठरलेल्या तारखांमध्येच, ती चुकली तर पेपर देता येत नाही. मी नोटीस लागली त्याच संध्याकाळी केली.

जर्मनचा वर्ग बदलल्यावर लर्निंग अॅग्रीमेंटमध्येही तो बदल करून पुन्हा तिन्ही सह्या घेतल्या होत्या. ट्रान्सक्रिप्ट (तिकडची मार्कशीट) आल्यावर सरांनी पहिल्यांदा तोच कागद मागितला, आणि जर्मनचे ६ क्रेडिट ओपन इलेक्टिव्हमध्ये (आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा विषय) धरले गेले.