पाल म्हणजे दूध

दहा दिवसांचं काम म्हणून निघालो होतो. बॅगेत चार शर्ट, दोन पँटी आणि बायकोने दिलेला चिवड्याचा डबा. तिरुचिरापल्लीजवळ तुवाकुडीला एका कारखान्यात प्लेट वाकवायचं मशीन बसवायचं, चालवून दाखवायचं, सही घ्यायची आणि चिंचवडला परत. मशीन बसलं. चालेना. एक व्हॉल्व्ह बदलावा लागणार होता, तो बाहेरून यायचा होता, आणि कधी येणार विचारलं की स्टोअरचा माणूस हसून म्हणायचा, "नाळेक्कि, सार." नाळेक्कि म्हणजे उद्या. मी शिकलेला हा पहिला तमिळ शब्द. चिवडा संपला त्या दिवशीही व्हॉल्व्ह नाळेक्किच येणार होता.

दिवसाचं काही वाटत नाही. कारखान्यात माणूस कसाही कामाला लागतो. प्रश्न संध्याकाळचा. साडेसहाला लॉजवर, झोप अकराला. मधले साडेचार तास कुणी फुकट दिले तरी नको होतात. पहिल्या आठवड्यात मी टीव्हीवर मराठी चॅनल शोधला, सापडला नाही. फोनवर घरी बोललो. तिकडे मुसळधार पाऊस, कपडे वाळत नाहीत म्हणून बायको कावलेली. इकडे दोरीवर टाकलेला शर्ट अर्ध्या तासात पापडासारखा कडक. हे तिला सांगायला नको होतं, असं नंतर वाटलं.

"अरे, तिकडे बघण्यासारखं केवढं आहे!" असं सांगणाऱ्यांनी यादी पाठवली होती. पण ठिकाणं बघणं हा तीन दिवस राहणाऱ्याचा धंदा आहे. सात आठवडे राहणाऱ्याला ती पुरत नाहीत. पहिल्या रविवारी सकाळी रॉकफोर्ट चढलो. वर उच्ची पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपतीच, डोंगराच्या टोकावर एकटा बसलेला. त्या घटकेला मला तो फार जवळचा वाटला. त्याच दुपारी १ नंबरच्या बसने श्रीरंगम. देवळाला सात तट, आणि बाहेरच्या तटांच्या आत चक्क गाव: घरं, किराणा, सायकलचं दुकान, दारात रांगोळी. मुख्य गोपुर २३६ फुटी, आणि ते पुरं झालं १९८७ मध्ये, म्हणजे मी पाचवीत होतो तेव्हा. इतकं जुनं दिसणारं काही माझ्याहून लहान निघेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी कल्लणै, करिकाल चोळाचा म्हणून सांगतात तो कावेरीवरचा बांध. झालं. यादी संपली, आणि पाच आठवडे उरले.

मग एका संध्याकाळी केस कापून घेतले. गरज नव्हती, दोनच आठवड्यांपूर्वी कापले होते. पण परक्या गावात वेळ घालवायला केशकर्तनालयासारखी जागा नाही. अर्धा तास तुमच्या डोक्याकडे कुणीतरी मन लावून बघतं, भाषा येत नसली तरी चालतं आणि शेवटी मानेवर पावडर मिळते. हे मी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी त्याने माझं डोकं उलटसुलट पाहिलं, कात्री खाली ठेवली आणि नुसतं तेल चोपडून दिलं. पैसे अर्धेच घेतले.

जेवायला स्टँडजवळची एक मेस धरली होती. केळीचं पान, भात, सांबार, मग रसम, मग ताक. सुरुवातीला मी पोळीची आठवण काढत जेवायचो. वाढणाऱ्या अण्णांनी भाताचा दुसरा ढीग टाकला की हात आडवा करून "बस, बस" म्हणायचो. त्यांना वाटायचं मला बस पकडायची आहे, म्हणून ते आणखी घाईने वाढायचे. पोदुम म्हणायचं असतं, हे चौथ्या दिवशी कळलं.

अक्षरांकडे मी वळलो तो बसमुळेच. गावातल्या कितीतरी बसवर पाटी फक्त तमिळमध्ये. रोज कुणाला तरी विचारायचं, तो हात करेल तिकडे पळायचं. पन्नाशीच्या इंजिनिअरला हे शोभत नाही. मग एक दिवस मेससमोरच्या दूधकेंद्राच्या पाटीपुढे उभा राहिलो. पहिलं अक्षर वर उघड्या डब्यासारखं. फोनवर तक्ता उघडला: प. त्यापुढे काना. तमिळला काना आहे याचा मला झालेला आनंद काही विचारू नका. मग ल, त्याच्या डोक्यावर टिंब. आपण अक्षराचा पाय मोडतो, ते डोक्यावर टिंब ठेवतात. अक्षर दोन्हीकडे अर्धंच होतं. प, काना, अर्धा ल. पाल! फ्रीजमध्ये पिशव्याच पिशव्या आणि वर हे लिहिलेलं. पाल म्हणजे दूध.

त्या दिवसापासून मला संध्याकाळ पुरेनाशी झाली. बारा स्वर, अठरा व्यंजनं. आपल्या बाराखडीचं ओझं वाहून आलेल्याला हे फारच स्वस्तात पडतं. क, ग सगळ्यांना मिळून एकच अक्षर. प आणि बलाही एकच, फलाही बहुतेक वेळा त्यावरच भागवतात. त्यामुळे कॉफीची पाटी अक्षरं लावून वाचली की 'कापी' निघते, आणि तोंडानेही ते तिला कापीच म्हणतात, म्हणजे बरोबरच आहे. ळ आहेच, आणि त्याच्याही पलीकडचा, जिभेला गाठ मारायला लावणारा आणखी एक आहे. तो तमिळ या शब्दाच्याच शेवटी बसलाय. अण्णांनी तो मला रसमपासून ताकापर्यंत शिकवला. आला नाही. अण्णांनी ळवर समाधान मानलं.

मी दुकानांच्या पाट्या वाचत हिंडायचो. औषधाचं दुकान, टायरचं दुकान, शिकवण्यांच्या जाहिराती. एक पाटी मोठ्या कष्टाने दहा मिनिटांत लावली, तर निघालं 'झेरॉक्स'. आडी महिना लागला होता. आपल्या आखाडासारखाच, लग्नकार्यं नाहीत, म्हणून कापडदुकानांत सवलतीचे फलक, आणि तेही सगळे वाचायला मोकळे. वारा असा सुटला की कागदी पाट्या हातातून निसटाव्यात. आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, अशी तिकडे म्हणच आहे. पाटा म्हणजे वरवंट्याचा पाटा.

सहाव्या रविवारी तंजावरला गेलो. बस मी एकट्याने, कुणाला न विचारता पकडली, हे आधी सांगितलं पाहिजे. राजराज चोळाचं देऊळ, १०१० मध्ये पुरं झालेलं. मान मागे टाकून शिखर बघितलं आणि ओवरीच्या सावलीत चालत राहिलो. तिथे, भिंतीवर, मराठी. ऐकून माहीत होतं: सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचं सगळं घराणं या भिंतीवर कोरून ठेवलं आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी इथे आले आणि १८५५ पर्यंत हे राज्य टिकलं. पण माहीत असणं वेगळं. सहा आठवडे काटक्या वेचाव्यात तशी अक्षरं वेचणाऱ्या माणसापुढे एकदम आपल्या अक्षरांची अख्खी भिंत उभी राहिली.

आणि मला ती वाचता येईना. ओळी दाट, शब्द एकमेकांना चिकटलेले, वळण जुनं. शेवटी बोट हवेत धरून, दूधकेंद्रापुढे उभा होतो तसाच, एकेक अक्षर लावू लागलो. शेजारी एक आजोबा येऊन थांबले. त्यांनी भिंतीकडे बोट करून काहीतरी विचारलं, बहुधा काय लिहिलंय असंच. मी मोठ्याने वाचत गेलो, अडखळत, मागे येत, पुन्हा पुढे जात. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, मला निम्मं. ते मान डोलवत होते. ओळ संपली तेव्हा म्हणाले, "इन्नुम कोंजम." आणखी थोडं. मेसमध्ये मी हे रोज ऐकायचो, भाताच्या बाबतीत. मी आणखी दोन ओळी वाचल्या.

मंगळवारी व्हॉल्व्ह आला. बुधवारी रात्री मशीन सुरळीत चाललं, गुरुवारी दुपारी सही मिळाली. संध्याकाळी मेसमध्ये अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, असं कसं, रविवारी आडी अठरा. कावेरीला पाणी आलंय. अम्मा मंडपाच्या घाटावर बायका नदीची पूजा करतात, घरोघर लिंबाचा, चिंचेचा, खोबऱ्याचा, दह्याचा असे नाना भात होतात. मेसमध्येही होणार होते.

पान आपल्या बाजूला दुमडून हात धुतला आणि ऑफिसला फोन लावला. म्हटलं, मशीन चालू झालंय, तक्रार नाही. पण सोमवारपर्यंत नजर ठेवलेली बरी.