रॉयबॉसच्या गावात साधा चहा मागितला तर

जो चहा कितीही उकळला तरी कडू होत नाही, त्याच्यासोबत वाळूचं घड्याळ कशासाठी देतात? दक्षिण आफ्रिकेतल्या क्लॅनविल्यम गावात, रॉयबॉस चहाच्या त्या टी-हाऊसमध्ये आमच्यापुढे लाकडी ट्रे आला. त्यात काचेच्या पाच छोट्या किटल्या, तेवढेच कप आणि मधोमध वाळूचं घड्याळ. वाढणारी मुलगी हसतमुख, पण शिस्तीची एकदम कडक. वाळू पूर्ण खाली आल्याशिवाय चहा ओतायचा नाही. नवऱ्यानं हात पुढे केला, तर तिनं किटली हळूच मागे सरकवली. बाहेर चाळिशी ओलांडलेलं ऊन, डोक्यावरचा पंखा फिरतोय की नुसता टांगलाय ते कळत नाही, घशाला कोरड, आणि नवरा, सासूबाई आणि मी असे तिघं वाळूकडे बघत बसलोय!

साध्या काळ्या चहाच्या बाबतीत मी हे समजू शकते. त्यात टॅनिन भरपूर, दोन मिनिटं जास्त झाली की जीभ आवळून येते. रॉयबॉसचा चहाच्या झाडाशी काही संबंधच नाही. सेडरबर्ग डोंगराच्या वालुकामय उतारांवर वाढणारं, हिरव्या बारीक सुया फुटलेलं हे झुडूप शेंगावर्गातलं आहे. कॅफिन नाही, टॅनिन अगदी थोडं. तीन मिनिटांत काढला तर पाणचट, दहा मिनिटं ठेवला तर बरा, आणि किटलीवर झाकण ठेवून विसरून गेलात तर आणखी चांगला. त्यामुळे ते घड्याळ निव्वळ शोभेचं. पण शोभेच्या वस्तूनं गिऱ्हाइकाला दटावू नये, एवढंच माझं म्हणणं.

ट्रेवर स्ट्रॉबेरी-क्रीम, ग्रॅनाडिला (म्हणजे पॅशनफ्रूट)-पीच, संत्रं-दालचिनी, सफरचंद-व्हॅनिला आणि गर्द लाल रंगाचा एक 'बेरी मिक्स' होता. मी विचारलं, "यात साधा कुठला?"

"साधा म्हणजे?"

"म्हणजे नुसता रॉयबॉस. काही न घातलेला."

ती गोंधळली. साधा चहा टेस्टिंगमध्ये नसतो म्हणाली, तो सुपरमार्केटमध्ये मिळतो. ज्या चहाच्या जिवावर हे गाव उभं आहे, तोच चाखायला ठेवलेला नाही. मग स्ट्रॉबेरीनं मूळ चवीत काय भर घातली हे ताडून बघायचं तरी कशाशी? बराच वेळ आत काहीतरी बोलणी झाली आणि शेवटी एका जाड मगमध्ये पिशवी बुडवलेला साधा रॉयबॉस आला. त्याचे रँड वेगळे लावले, तेही सांगून ठेवते.

सासूबाईंनी तोवर पाचही कप हुंगून झाले होते. त्यांचं नाक आमच्या घरात अंतिम न्यायालय आहे. स्ट्रॉबेरीचा कप त्यांनी उचलला, वास घेतला, भुवया वर गेल्या. एक घोट घेतला आणि भुवया जागेवर आल्या.

"काय हो आई, आवडला नाही?"

"अगं, वास दारातच उभा राहून स्वागत करतो. आत गेलं तर घरात कुणी नाही." मग कप बशीत ठेवत म्हणाल्या, "बडा घर, पोकळ वास."

याहून नेमकं परीक्षण मला जमलं नसतं. मी चमच्यानं किटलीतला स्ट्रॉबेरीचा तुकडा बाहेर काढला. सुकवलेला तुकडा पाणी पिऊन फुगला होता, रंग उडून फिकट गुलाबी झाला होता. तोंडात टाकला तर चव शून्य. आणि तरी कपातून स्ट्रॉबेरीचा घमघमाट! यात लबाडी नाही, धंद्याची रीतच ती आहे. कोरड्या पानावर द्रवरूप फ्लेवर शिंपडून ते घोळवतात, फ्लेवर पानात मुरतो. फळांचे तुकडे बहुतेक वेळा डब्यात उठून दिसावेत म्हणून. काही मिनिटांच्या गरम पाण्यात दोन-चार सुक्या तुकड्यांतून असा काय रस उतरणार?

'बेरी मिक्स'ची तऱ्हा वेगळी. त्यात जास्वंदीच्या जातीतल्या फुलांची सुकी लाल बाह्यदलं होती, आणि ती खरंच आंबट असतात. पाचांत जिभेला काहीतरी जाणवलं ते याच कपात. पण ट्रेसोबत दुधाचा जगही आला होता आणि इकडे रॉयबॉस दूध घालून पिण्याची पद्धत सर्रास आहे. नवऱ्यानं विश्वासानं त्यात दूध ओतलं. क्षणात दुधाच्या गुठळ्या लाल पाण्यावर तरंगायला लागल्या. वाढणारी मुलगी म्हणाली, "ओह, त्यात दूध नाही चालत." घड्याळाची एवढी सक्त ताकीद, आणि आंबट चहात दूध फाटतं हे मात्र आम्ही आपलं आपण शिकायचं!

सफरचंद-व्हॅनिलाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. संत्रं-दालचिनी बरा होता. ग्रॅनाडिला-पीच नवऱ्याला भयंकर आवडला, त्याचे परिणाम पुढे येतील.

आता थोडं मागे जाते. केप टाउनचे सगळे दिवस वाऱ्यानं खाल्ले. टेबल माउंटनची केबलकार बंद, समुद्रावर उभं राहवत नाही. मग एन-७ महामार्ग धरून उत्तरेला निघालो. गव्हाच्या कापलेल्या शेतांतून रस्ता सरळसोट जातो, नंतर पीकेनियर्सक्लूफचा घाट चढला की पलीकडे एकदम ऑलिफंट्स नदीचं खोरं उघडतं. सिट्रसडाल आणि आजूबाजूला नजर पोचेल तिथवर संत्र्यांच्या बागा, आणि त्यापुढे क्लॅनविल्यम. केप टाउनपासून दोनशे किलोमीटरांहून थोडं जास्त. पाखाइस घाटापलीकडच्या वुपरथालला जायची माझी फार इच्छा होती. मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनचं जुनं गाव, तिथले लहान शेतकरी अजून डोंगरातला रानटी रॉयबॉस कापतात. पण भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई होती आणि सासूबाईंच्या कमरेचीही. राहिलं ते राहिलं.

ज्या शेतावर मुक्काम होता तिथल्या मालकीणबाईंना सगळेच 'टानी', म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून आम्हीही. रात्री जेवताना मी टी-हाऊसचं सगळं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडलं. त्या मोठ्यांदा हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या उजाडायच्या आत उठ. तुला फळाचा वास दाखवते."

कापणीचा हंगाम चालू होता. जानेवारी ते मार्च-एप्रिल विळ्यानं फांद्या कापतात, पेंढ्या बांधतात, यंत्रात घालून अर्ध्या सेंटिमीटरहून बारीक चिरतात. मग तो हिरवा चुरा चेचून, पाणी मारून, उघड्या काँक्रीटच्या अंगणात लांबट ढीग रचून रात्रभर ठेवतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचून काही उपयोग नसतो.

पहाट अजून करडी होती. गार वारा, अंगावर शाल. अंगणात कमरेएवढ्या उंचीचे ढीग आडवे पडलेले, आणि त्यांच्या पाठीवरून वाफा निघत होत्या. टानींनी मला वाकायला लावलं, म्हणाल्या हात घाल. मी मनगटापर्यंत हात खुपसला. आत ऊन ऊन, ओलसर. बाहेर काढलेली मूठ उघडली तर काल संध्याकाळी गवतासारखा हिरवा दिसलेला चुरा विटकरी तांबडा झालेला. पानं चेचली की त्यातल्या द्रव्यांचा हवेशी संयोग होतो, रंग पालटतो, आणि रंगाबरोबर वासही. तो वास! आधी मध, मग त्यामागून पिकून मऊ पडलेलं सफरचंद, आणि पार शेवटी थोडं ओलं लाकूड. कुणी काही शिंपडलं नव्हतं. फळ आधीपासूनच तिथं होतं.

ढिगापाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हातात लांब दाताळं. ते ढीग एका जागी उकरायचे, वाकून हुंगायचे, पुढे जायचे. एका ढिगाशी थांबले, पुन्हा हुंगलं, मान हलवली आणि त्याला हात न लावता पुढे गेले. टानी म्हणाल्या, "तो अजून झाला नाही. तासभर लागेल." मी विचारलं, किती तास ठेवायचा असा काही नियम? ढोबळमानानं आठ ते चौदा तास, पण रात्र किती गरम होती, पानं किती ओली होती, त्यावर सगळं. शेवटी नाक सांगतं तेव्हा ढीग मोडायचा. उशीर झाला की वास आंबतो आणि सगळा ढीग वाया.

इथं वेळेला खरी किंमत होती आणि कुठंही वाळूचं घड्याळ नव्हतं.

सूर्य वर आला तसे झालेले ढीग मोडून चहा अंगणभर पातळ पसरला. दिवसभराच्या उन्हात तो वाळतो, मग चाळून, प्रतवारी लावून कारखान्यात जातो, तिथं वाफेनं निर्जंतुक होतो. मी पसरलेल्या चहाच्या कडेला नुसती बसून राहिले. नवरा दोनदा नाश्त्याला बोलवून गेला.

टानींच्या स्वयंपाकघरात चुलीच्या मागच्या बाजूला एनॅमलचं एक भांडं कायम असतं. सकाळी त्यात मूठभर रॉयबॉस आणि पाणी पडतं, आणि दिवसभर मंद आचेवर ते तसंच राहतं. कमी झालं की पाणी वाढवायचं, फिकट झालं की पान वाढवायचं. फळाचं म्हणाल तर चुलीवर दोरीला संत्र्याच्या साली टांगलेल्या होत्या. हिवाळ्यात संत्री उतरतात तेव्हा साल काढायची, आतला पांढरा भाग सुरीनं खरवडायचा आणि सुकवून ठेवायची. त्यातली बोटभर साल आणि दालचिनीचा तुकडा त्यांनी भांड्यात टाकला. घाई नाही, काही नाही. बोलत बसलो. अर्ध्या तासानं कप भरले.

वाफेला संत्र्याचा वास जेमतेमच होता. घोट घेतला तर आधी नुसता रॉयबॉस, तोच मधाळ, लाकडी. गिळल्यानंतर मात्र जिभेच्या मागच्या टोकाला संत्र्याचं तेल हळूच उतरलं आणि रेंगाळलं. सासूबाईंनी कप संपवला, पुन्हा पुढे केला. अंतिम न्यायालयाचा निकाल लागला. नंतर त्या मराठीतून आणि टानी आफ्रिकान्समधून सालीचा पांढरा भाग का काढायचा यावर बराच वेळ बोलत होत्या, आणि दोघींचं एकमत झालं असावं.

दुपारी त्यांनी थंड चहा दिला. कडक उकळून गाळलेला, गार केलेला रॉयबॉस, त्यात पिकलेल्या पीचच्या फोडी. फोडी गार चहातच घालायच्या, उकळत्या चहात घातल्या तर जॅमचा वास येतो म्हणे. तासाभरानं पीचचा रस चहात आणि चहाचा रंग पीचमध्ये. साखर नाही, दूध नाही. आधी चहा प्यायचा, मग फोडी खायच्या.

तिथंच टानींनी मुंग्यांची गोष्ट सांगितली. १९०४ मध्ये बेंजामिन गिन्सबर्ग नावाच्या व्यापाऱ्यानं हा चहा विकायला सुरुवात केली, पण डोंगरातली खोईसान, म्हणजे इथली मूळ रहिवासी, माणसं तो त्याच्या कितीतरी आधीपासून कापत, कुटत, प्यायची. लागवड मात्र जमत नव्हती, कारण शेंग वाळली की तडकते आणि इवलंसं बी वाळूत उडून जातं. १९३०च्या सुमारास इथले डॉक्टर नॉर्टिए लागवडीच्या मागे लागले. त्यांनी बी आणून देणाऱ्याला पैसे कबूल केले. सगळे चिमूटभर आणायचे, एक खोई बाई मात्र भरपूर घेऊन यायची. बऱ्याच दिवसांनी तिचं गुपित फुटलं: ती मुंग्यांच्या मागे जायची. मुंग्या बी गोळा करून वारुळात साठवायच्या, ही वारूळ उकरायची.

"आणि त्या बाईला काय मिळालं?" सासूबाईंनी विचारलेलं मी इंग्रजीत सांगितलं. टानी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, २०१९ मध्ये करार झाला, आता शेतकऱ्याला शेतावर चहाचा जो दर मिळतो त्याच्या दीड टक्का रक्कम खोई आणि सान लोकांकडे जाते. सासूबाईंनी दीड टक्का म्हणजे किती ते मला पुन्हा विचारून घेतलं आणि पुढं काही बोलल्या नाहीत.

बाहेर कुणी मला विचारलं की फळांचे रॉयबॉस घ्यावेत का, तर मी सांगेन, जरूर घ्या, पण आधी साधा प्या. पाणी खळखळ उकळतं हवं, कोमट पाण्यात हा चहा उतरतच नाही. झाकण ठेवा आणि घड्याळ विसरा. डब्यावर जास्वंद लिहिलेली असेल तर दूध लांब ठेवा. फळ हवंच असेल तर सुकी साल पानाबरोबर आणि ताजं फळ गार झाल्यावर. हे सगळं मी शहाणपणानं सांगते आहे, आणि माझ्याच नवऱ्यानं निघताना त्याच टी-हाऊसमधून ग्रॅनाडिला-पीचचा मोठा डबा घेतला. डबा सुंदर होता म्हणे.

टानींनी मला कागदी पिशवीतून साधा रॉयबॉस दिला होता, त्या पहाटेच्या ढिगांच्या आदल्या लॉटमधला. दोन्ही एकाच बॅगेत गेले. केप टाउनच्या हॉटेलात बॅग उघडली आणि खोलीभर ग्रॅनाडिला. डब्याचं झाकण घट्ट होतं की नाही यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. टानींच्या पिशवीत नाक घातलं तर तिथंही ग्रॅनाडिला. कपड्यांना तर होताच. नवऱ्याचं म्हणणं, आता तुझाही फ्लेवरवाला झाला, वर फुकटात. सासूबाईंनी ती पिशवी दिवसभर खिडकीशी उघडी ठेवली, संध्याकाळी हुंगली आणि एकच वाक्य बोलल्या, "पुढच्या वेळी याची बॅग वेगळी."