आमची वाटचाल : बुडण्यापासून तरंगण्यापर्यंत

२०१२ च्या हंगामात आम्ही अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, स्वतःचं स्कूबा डायव्हिंगचं केंद्र सुरू केलं. भाड्याची एक लाकडी होडी, सिलिंडरमध्ये हवा भरायचा सेकंडहँड कंप्रेसर आणि मोजक्या माणसांपुरतं सामान, एवढंच भांडवल. त्याआधी मी आणि माझी बायको दुसऱ्यांकडे इन्स्ट्रक्टर म्हणून राबत होतो. तिथे सगळा धंदा ‘ट्राय डाइव्ह’चा. पाहुण्याला सूट चढवायचा, चार खुणा शिकवायच्या, सिलिंडरला धरून खाली न्यायचं, फोटो काढायचे आणि वर आणायचं. तोवर पुढचा किनाऱ्यावर तयार असायचाच. त्यात वाईट काही नाही, समुद्राची गोडी कित्येकांना तशीच लागते. पण त्या माणसाचा तोल, त्याची हवा, त्याची खोली, सगळं आमच्या मुठीत. त्याला स्वतःला काहीच येत नसतं. आम्हाला शिकवायचं होतं.

शिकवायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न शिशाचा आला. हसू नका. नवख्याच्या कमरेला शिसं जरा जास्त बांधलं की तो बिनतक्रार खाली जातो आणि इन्स्ट्रक्टरचं काम हलकं होतं. पुढचा त्रास मात्र शिकणाऱ्याचा. जादा वजन पेलायला तो अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटात हवा भरत राहतो, पाय खाली लोंबतात, पायातल्या फिन्स प्रवाळावर आपटतात. जरा वर आला की पाण्याचा दाब कमी होऊन जॅकेटातली हवा फुगते आणि तो आणखी वेगाने वर जाऊ लागतो. दहा मीटरवरून पृष्ठभागापर्यंत हवेचं आकारमान दुप्पट होतं, त्यामुळे हा खेळ उथळ पाण्यातच जास्त धोक्याचा. ‘श्वास कधीही रोखू नका’ हा आमच्याकडचा पहिला नियम आहे, तोही याच कारणाने; फुप्फुसातली हवाही अशीच फुगते.

म्हणून आमच्याकडे प्रत्येकाचं वजन पाण्यातच ठरतं. जॅकेट रिकामं, श्वास नेहमीचा, आणि पाण्याची रेषा डोळ्यांशी. मग सिलिंडरचा हिशेब. नेहमीच्या अकरा लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने जवळपास अडीच-पावणेतीन किलो हवा मावते. डाइव्ह संपेपर्यंत त्यातली बरीचशी आपण खर्च केलेली असते, तेव्हा शेवटी हलकं व्हायला होणार हे धरूनच शिसं बांधायचं. हे सांगितलं की ‘हवेलाही वजन असतं होय!’ असं कोणी ना कोणी म्हणतंच. शाळेत सगळे शिकलेलो असतो, पटतं ते इथे.

दुसरा बदल गुडघ्यांचा. वाळूवर गुडघे टेकवून मास्कमधलं पाणी काढायला शिकवण्याची जुनी रीत आहे. पुढे खऱ्या डाइव्हमध्ये मास्कमध्ये पाणी शिरतं तेव्हा गुडघे टेकायला खाली प्रवाळ असतं. म्हणून आम्ही हे सगळं तरंगतच करून घेतो. त्याला वेळ लागतो. त्यात एका इन्स्ट्रक्टरमागे चारच माणसं, हा आमचा हट्ट. कोर्ससाठी बड्या संस्थांचे नियम आठपर्यंत परवानगी देतात. हिशेब बायको बघते आणि सुरुवातीच्या हंगामांत हा हट्ट तिला वहीत दर महिन्याला दिसायचा. पण मागे तिसरा काय करतोय हे बघायला मान किती वळवावी लागते हे तिलाही ठाऊक, त्यामुळे आकडा वाढवा असं ती कधी म्हणाली नाही.

मास्कवरून एक काकू आठवतात. निवृत्त शिक्षिका. पोहायला उत्तम, पण नाकाला पाणी लागलं की ताडकन उभ्या राहायच्या. ‘मला हे जमायचं नाही रे, तू माझे दिवस फुकट घालवू नकोस.’ भीती पाण्याची नव्हती. नाक ओलं असताना तोंडाने श्वास घ्यायचा, ही सवयच नव्हती. मग कमरेएवढ्या पाण्यात, मास्क न लावता, रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरची हवा देणारं तोंडातलं यंत्र तोंडात आणि चेहरा पाण्यात. आधी दहा श्वास, मग वीस, मग डोळे उघडून. अख्खी सकाळ त्यातच गेली. दुपारी त्यांनी मास्क पूर्ण काढला, परत लावला, नाकाने फुंकून पाणी काढलं आणि मला खुणेने विचारलं, पुढे काय? नवीन इन्स्ट्रक्टरला आम्ही पहिल्यांदा हेच करून घ्यायला लावतो.

समुद्र मात्र आम्ही तांडेलांकडून, म्हणजे होडी हाकणाऱ्यांकडून, शिकलो. आमचा पहिला तांडेल करेन समाजातला. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात येऊन वसलेली ही मंडळी. त्याला जागा सांगायला जीपीएस लागत नसे. डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्जसारख्या खोल जागा भांगाच्या म्हणजे कमी ओढीच्या भरतीला, अष्टमीच्या आसपास ठेवायच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, तेव्हा आडोशाच्या जागी जायचं. बुकिंग घेताना आम्ही आजही आधी तिथी बघतो. मे महिन्यात पाऊस सुरू झाला की पुढे काही महिने दुरुस्तीचे.

प्रवाळाचं तेवढं सोपं नाही. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, २०१६ मध्ये पुन्हा. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल टाकून देतं. रंग त्याचा आणि बरंचसं अन्नही त्याचंच. उथळावरच्या फांद्यांच्या प्रवाळाला सर्वांत जास्त झळ बसते आणि नेमकं तिथेच नवखे लोक शिकत असतात. आम्ही सरावाच्या जागा तेव्हापासून निव्वळ वाळूच्या केल्या. ज्याला स्थिर तरंगता येत नाही त्याला प्रवाळाजवळ नेत नाही, मग तो कितीही रुसो.

रुसण्याचा दुसरा मोठा विषय परतीचं विमान. ‘दादा, फ्लाइट दुपारी आहे, सकाळी एक डाइव्ह बसतो की!’ नाही बसत. खाली अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे तो अंगातच बुडबुडे धरू शकतो. बरेच डाइव्ह झाल्यावर निदान १८ तास थांबावं असं मार्गदर्शन आहे. आम्ही शेवटचा दिवस कोरडाच ठेवतो. एकदा यावरून एका मोठ्या ग्रुपने बुकिंग काढून घेतलं. हंगामाच्या ऐन भरात ते झोंबलं, पण दिवस कोरडाच राहिला.

२०२० मध्ये सगळं ठप्प झालं. रेग्युलेटर उघडून त्यातल्या ओ-रिंगा म्हणजे रबरी कड्या बदलल्या, कंप्रेसरचे फिल्टर बदलले, त्याची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून आणखी लांब नेली. हातात वेळ होता म्हणून थिअरीचे तास ऑनलाइन घेऊन बघितले, ते तसेच टिकले. आता लोक घरून वाचून येतात आणि इथला वेळ पाण्यात जातो.

सध्या आमच्याकडे ओपन वॉटर म्हणजे १८ मीटरपर्यंतचा आणि ॲडव्हान्स्ड म्हणजे ३० मीटरपर्यंतचा कोर्स असतो. ओपन वॉटरसाठी पाण्यातले चार दिवस आणि वर तो कोरडा दिवस हातात ठेवून या. सुट्टी तीनच दिवसांची असेल तर कोर्सचा आग्रह धरू नका, ट्राय डाइव्ह करा. तोही आम्ही करतो, एका इन्स्ट्रक्टरमागे दोघांचा, आणि शिसं तिथेही पाण्यातच ठरतं.