दाब, धर, सोड

फ्रिजवरचं स्ट्रॉबेरीच्या आकाराचं चुंबक गायब झाल्याचं बायकोच्या लक्षात आलं, तेव्हा ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं. भर दुपार, मी पायात बूट चढवतोय आणि ती निराधार झालेला कागद हातात धरून उभी. "आज कुठली?" एवढंच तिने विचारलं.

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असं ठरवून चार वर्षं झाली. ठरवून झालंय, घ्यायची राहिली आहे. चुंबक त्यासाठीच लागतं. पत्र्यावरून फिरवायचं, धरलं तर पत्रा, घसरलं तर खाली पुट्टी. मालक थापा मारेल, चुंबक मारणार नाही, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचो. मग माझदाची एमएक्स-५ बघायला गेलो. पहिल्या पिढीतली, १९८९ साली आली ती, डोळे उघडमीट करणाऱ्या दिव्यांची. बॉनेटवर चुंबक ठेवलं, तर ते घरंगळत थेट मातीत. मी मालकाकडे असं बघितलं की रंगेहाथ पकडलाच. तो म्हणाला, "बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं हो हिचं." परतीच्या वाटेवर मी कोणाशीही बोललो नाही. सोबत कोणी नव्हतंच, तरीही.

त्या गाडीत खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं, हीच पंचाईत झाली. किल्ली फिरवली की चालू. छप्पर बसल्याजागी एका हाताने मागे. बायको म्हणाली, मग हीच घे. पण पहिल्या फटक्यात सुरू होणाऱ्या जुन्या गाडीबद्दल मला उगीच संशय वाटतो. तिला माझी गरजच काय?

एमजीबी या ब्रिटिश गाड्या पाहिल्या, चांगल्या तीन. १९६२ ते १९८० पर्यंत पाच लाखांच्या वर निघाल्या, त्यामुळे सुटे भाग हवे तेवढे मिळतात. तिला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीवर, त्यात दाराखालच्या सिलवर फार. तो आतून कुजला की गाडी मधून वाकते, आणि वर नवा रंग फासला की काही कळत नाही. मग दाराच्या फटी बघायच्या. वर बारीक आणि खाली रुंद, किंवा उलट, दिसली की नमस्कार करून निघायचं. १९७४च्या अखेरीपासून अमेरिकेतल्या नियमांपायी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवली. जाणकार तिला नाकं मुरडतात. मला ती आवडते, पण हे मी चारचौघांत सांगत नाही.

अल्फा रोमिओची स्पायडर सुंदर आहे. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद बसवणारं कडं, झिजलेला असला तर गिअर टाकताना कर्र होतं, तेवढं ऐकायचं. पोर्शे ९४४च्या बाबतीत एकच प्रश्न विचारायचा, टायमिंग बेल्ट कधी बदलला? तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उतरवायची वेळ येते. "नुकताच बदललाय" असं सगळेच सांगतात. बिल मागितलं की कपाटाची किल्ली सापडत नाही.

हे सगळं वहीत आहे. रकाने आखलेत, गुण दिलेत. ट्रायम्फ स्पिटफायर त्यात खालून दुसरी. ताकद बेताची. १९७० पूर्वीच्या गाड्यांत तर वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाकं पोटाखाली दुमडल्यासारखी व्हायची आणि शेपूट सुटायचं. तरी त्या दुपारी मी निघालो होतो ती स्पिटफायर बघायलाच.

कारण मामाची हेरल्ड.

स्पिटफायर म्हणजे ट्रायम्फच्याच हेरल्डची आखूड केलेली चासी. रेखाटनं दोन्हींची मिकेलॉटी या इटालियन डिझायनरची, आणि बॉनेटही तसंच: मडगार्डांसकट, दिव्यांसकट अख्खं नाक पुढे कलंडतं. पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात. मामा एका टायरवर बूड टेकायचा, मी दुसऱ्यावर, मधे इंजिन. जेवायला बसल्यासारखे आम्ही तासन्‌तास बसायचो. त्याच्या हातात पाना, माझ्या हातात फडकं. फडकं धरायचं काम मोठं जबाबदारीचं असतं असं त्यानेच मला सांगितलं होतं.

ब्रेकमधली हवा काढायची असली की मला बढती. सीटच्या अगदी कडेला घसरून पायाचा अंगठा कसाबसा पेडलला लागायचा. मामा चाकाशी आडवा, निपलला, म्हणजे हवा सोडायच्या तोटीला, नळी, नळीचं टोक बाटलीत. खालून आवाज यायचा, "दाब... धर... सोड." बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मग पुढचं चाक. एकदा माझं लक्ष कुंपणावरच्या सरड्याकडे गेलं आणि त्याने निपल आवळायच्या आत मी पेडल सोडून दिलं. सगळी हवा परत आत. मामा बाहेर आला, चेहऱ्यावर तेल, म्हणाला, "केवढा होता?" मी हाताने दाखवला. तो पुन्हा खाली गेला.

हेरल्ड कधी विकली ते मला आठवत नाही. मामाला जाऊन पुढच्या महिन्यात सहा वर्षं होतील.

तर स्पिटफायर. मालक सत्तरीचे, टापटीप गृहस्थ. चुंबक सगळीकडे चिकटलं. नाक कलंडवून त्यांनी इंजिन दाखवलं. या इंजिनाची एक परीक्षा असते: एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने समोरची पुली बघायची. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेले असतील तर क्लच दाबल्याबरोबर पुली पुढे सरकते, सोडला की मागे जाते. नजरेला दिसेल इतकी हलली, तर ते वॉशर गळून पडले असायची शक्यता, म्हणजे मोठं काम. एकट्याने करायची ही परीक्षा नव्हे.

ते आत जाऊन बसले. मी टायरवर बूड टेकलं. समोरचं टायर रिकामं होतं.

"दाब," मी ओरडलो.

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांनी दाबला, निमूटपणे, आणि धरूनही ठेवला. काचेमागून पांढऱ्या भुवया उंचावून ते पुढच्या हुकमाची वाट बघत होते.

"सोड," मी म्हटलं.

पुली हलली की नाही, ते बघायचं राहूनच गेलं.