इकडे सर्व खुशाल

रात्रीचे साडेअकरा. झोप येईना म्हणून वही उघडली, तर उघडली ती नेमकी त्याच पानावर.

संध्याकाळी एसआरटीचा सराव चालला होता. फौजेतल्या अधिकारी निवडीतली ही चाचणी: प्रसंग वाचायचा आणि आपण काय करू ते लिहायचं. ३० मिनिटांत ६० प्रसंग, म्हणजे एकाला जेमतेम अर्धं मिनिट. गेले तीन आठवडे माझी गाडी ४५ च्या पुढे सरकत नाही. म्हणून आज आईला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, मी प्रसंग वाचते, तू फक्त घड्याळ बघ. ती भाकऱ्या थापत होती. घड्याळ राहिलं बाजूला, तीच उत्तरं द्यायला लागली. जंगलात वाट चुकली? 'ओढ्याच्या कडेनं खाली उतरायचं, कुठंतरी वस्ती लागतेच.' रेल्वेत सामान चोरीला गेलं? 'आधी तिकीट जागेवर आहे का बघायचं.' माझ्या उत्तरांपेक्षा नेमकं. माझी सगळी उत्तरं एकाच साच्यातली: मदत केली, पोलिसांना कळवलं, वेळेत पोचली.

मग अठरावा आला. 'ती परीक्षेसाठी परगावी आहे. आदल्या रात्री वडिलांना दवाखान्यात हलवल्याचं कळतं. ती…'

माझं उत्तर तयार होतं. भावाशी बोलली, डॉक्टरांना फोन केला, पेपर दिला, संध्याकाळची गाडी पकडली.

भाकरी उलटत आई म्हणाली, 'तिला कळणारच नाही. तिला कोण सांगतंय?'

आणि पुढचा उंडा हातात घेतला. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले असते.

सप्टेंबरातला तो रविवार. त्याच निवडीची लेखी परीक्षा, पुण्याचं केंद्र, आधी इंग्रजी, मग सामान्य ज्ञान, दोन-दोन तासांचे पेपर. सुटल्यावर घरी फोन केला तर आई म्हणाली, 'जेवलीस का?' ती तेव्हा आयसीयूच्या बाहेर बसली होती. आवाजात काही म्हणता काही नव्हतं. दादा रात्रीच पोचला होता. सोमवारी मी घरी आले तेव्हा दारात बाबांच्या चपला नव्हत्या, तेव्हा मला कळलं. मावशीला ठाऊक होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. तिच्याच घरी जेवले होते मी.

मला सांगितलं नाही. हे मी विसरले होते असं मला वाटत होतं. मी कोसळेन असं वाटलं का त्यांना? की सांगून उपयोग नाही असं? निवडीत स्वतःबद्दलही लिहायचं असतं, त्या स्ववर्णनात पहिलाच मुद्दा असतो, आईवडिलांचं तुमच्याबद्दल काय मत आहे. दरवेळी मी 'जबाबदार' लिहिते. अधिकाऱ्यात बघतात त्या १५ गुणांत जबाबदारी आहेच. आणि वही तपासणारा मानसशास्त्रज्ञ पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत, म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोरच्या शेवटच्या भेटीपर्यंत, मला भेटतही नाही. त्याच्यासाठी मी म्हणजे ती वही. मग त्या रकान्यात मी खोटं लिहितेय का? ज्या मुलीला वडिलांचं दुखणं सांगवत नाही, ती कसली जबाबदार? दादाला सांगितलं. दादाचं असो.

जेवणं झाल्यावर सरळ विचारलं. आई भांडी पुसत होती.

'मामा बर्फात होता तेव्हा आजीचा पाय मोडलेला. दीड महिना त्याला लिहिलं नाही आम्ही. पत्रात आपलं, इकडे सर्व खुशाल. त्याचं ध्यान ड्यूटीवर पाहिजे.'

आईचं माहेर सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक ज्या गावात आहे, त्या गावातल्या घरांना काय लिहायचं आणि काय गिळायचं हे शिकवावं लागत नसणार.

मी म्हटलं, 'पण मी कुठं फौजेत होते?'

'परीक्षेला बसली होतीस ना.'

यावर मला काही सुचलं नाही. म्हणजे मी दुबळी म्हणून नाही, तर मी गेलेलीच आहे असं धरून. निकाल लागायच्या कितीतरी आधी तिनं मला मामाच्या रांगेत उभं केलं होतं. बरं वाटलं. आणि तरी वाटतं, मामाला तरी कुणी विचारलं होतं का, तुला कळवायचं की नाही?

पुढच्या महिन्यात भोपाळला निवडीची मुलाखत. तिथं मोबाईल जमा करावा लागतो. स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पहिल्या दिवशीच्या चाळणीत, टिकले तर पाच दिवस घरचं काही कळायचं नाही, आणि टिकायचंय तर मला आहेच. म्हणून बाबांची फाईल मघाशी कपाटातून काढली, गोळ्यांची नावं आणि वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावल्या. बाबा म्हणाले, 'मला वाचता येतं गं.' पण कागद काढला नाही.

आईला म्हटलं, 'मोबाईल हातात आला की पहिला फोन तुला. तेव्हा खरं सांगशील?'

'आधी जेवलीस का विचारीन. मग सांगीन.'

अठराव्यापुढची जागा अजून कोरी आहे.

आत्ता बाबा खोकले. उठून बघून आले. झोपलेत.