टेस्ट आधी कुणाची?

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना म्हटल्यावर आमच्याकडे जे सुरू झालं ते तुम्हाला माहितीच असेल, सोळा सोमवार, कुणाच्या तरी ओळखीचे वैद्य, आणि सगळं माझ्याच नावावर. सोनोग्राफी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एएमएच (बीजं किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी), गर्भाशयाच्या नळ्या उघड्या आहेत का बघायला ती एचएसजी पण झाली (दुखतं हो, कुणी काही म्हणू दे). निघालं काय तर थोडं पीसीओएस, म्हणजे बीज वेळेवर फुटत नाही.

त्या दवाखान्यातच एक मुलगी भेटलेली, तिच्या नळ्या टीबीनं बंद झालेल्या, ना खोकला ना ताप! आपल्याकडे हे कारण बरंच सापडतं म्हणे डॉक्टर.

मग दुसऱ्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, ह्यांचा सीमेन रिपोर्ट, म्हणजे वीर्य तपासणीचा, कुठंय? नव्हताच. जी टेस्ट सगळ्यात सोपी, सुई नाही काही नाही, ती सगळ्यात शेवटी. शुक्राणूंचा काउंट आला मिलीलीटरला 6 मिलियन, हवा साधारण 16 च्या वर. व्हेरिकोसील निघालं, अंडकोषाच्या शिरा फुगतात, तिथली उष्णता वाढते आणि शुक्राणू कमी बनतात. वर ह्यांची तंबाखू. शुक्राणू तयार व्हायलाच अडीचेक महिने लागतात, त्यामुळे आज पुडी फेकली म्हणून पुढच्या आठवड्यात रिपोर्ट सुधारत नाही, हे ह्यांना तीनदा समजावलं.

सासूबाईंना रिपोर्ट दाखवला तर म्हणतात, मशीन बिघडलं असेल गं त्यांचं.