ठाण्याहून गुलमर्ग: चढणं सोपं, उतरणं शिका

सकाळी ठाणं सोडलं की संध्याकाळी आपण गुलमर्गला, २,६५० मीटरवर. दुसऱ्याच दिवशी गोंडोलाने, म्हणजे दोन टप्प्यांच्या रोपवेने, अफरवट शिखराकडे जायची घाई बहुतेकांना असते. तिथे उंची ३,९०० मीटरच्या वर आणि पाळण्यातला वेळ अर्धा तासही नाही. शरीराला पत्ता लागायच्या आत आपण वर पोचतो, मग डोकं ठणकायला लागतं. म्हणून आम्ही अफरवट तिसऱ्या दिवशी ठेवतो आणि पुढचा एक दिवस मोकळा सोडतो, कारण वारा वाढला की गोंडोलाचा दुसरा, वरचा टप्पा बंद. तिकिटं ऑनलाइन, आधीच काढायची. आणि हो, आपलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही; ग्रुपमध्ये एक तरी पोस्टपेड हवंच.

स्कीइंग शिकायला जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. बर्फ जास्त पडला तर टंगमर्गपासूनचे शेवटचे १३ किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीने जायचं.

लोक फसतात ते स्कीच्या बुटात. थंडी म्हणून दोन जोड मोजे चढवतात. पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि उलट जास्त गारठतो. एकच मोजा, पातळ, पोटरीच्या वर जाणारा. पँटची कड बुटात नको. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. दुकानदार ‘चलेगा’ म्हणेल. तुम्ही बदलूनच घ्या.

स्की चढवण्याआधी बुटाच्या तळव्याला चिकटलेला बर्फ पोलने, म्हणजे हातातल्या काठीने, ठोकून काढा. आधी चवडा अडकवायचा, मग टाच दाबायची. ‘खट्’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. बर्फ राहिला तर बायंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, अर्धवट बसतं आणि पहिल्याच वळणावर स्की एकीकडे, आपण दुसरीकडे.

थांबायचं असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली. भीतीने माणूस मागे रेलतो, वजन टाचांवर जातं आणि स्की पळत सुटते. नडगी बुटाच्या जिभेवर दाबून ठेवा. यात मांड्या दुपारपर्यंत भरून येतात. त्यांची तयारी सहा आठवडे आधी इथेच करायची: ठाण्याच्या येऊरच्या डोंगरावर चढतात सगळेच, तुम्ही उतरण्यावर जोर द्या. सोसायटीचे दहा मजले जिन्याने उतरा. घरी भिंतीला पाठ टेकून, खुर्ची असल्यासारखं एक मिनिट बसा, तीनदा.

बर्फात रस नसेल तर जून ते सप्टेंबर. खिलनमर्गच्या कुरणापर्यंत पायी जाता येतं. अफरवटच्या बाजूने अल्पाथर तलाव. जूनमध्येही त्यात बर्फ असतो. घोडा घेतलात तर दर आधी ठरवा, चढल्यावर नाही. शेवटचा पाळणा किती वाजता खाली निघतो तेही वर जातानाच विचारा. चुकला, तर येऊरवर कमावलेले गुडघे आहेतच.